जातं कुणाचं?

प्रश्न : २०१७ साली मी आणि ऑफिसातल्या दोघा सहकाऱ्यांनी सर्व्हरच्या लॉग फाइली दळून त्यातल्या चुका वेगळ्या काढणारं एक छोटं टूल लिहिलं. पहिला कोड मी एका शनिवारी रात्री घरच्या लॅपटॉपवर लिहिला होता. एमआयटी लायसन्स लावून तो सगळ्यांना खुला केला. पुढे कंपनीने शुक्रवारी दुपारी त्यावर काम करायची मुभा दिली. आज पन्नासेक लोक कोड पाठवतात, निम्मे तरी भारताबाहेरचे. २०२३ मध्ये मी नोकरी सोडली, टूल मात्र मीच सांभाळते. परवा जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली : हे नाव कंपनीचा ट्रेडमार्क आहे, पंधरा दिवसांत रेपो (कोड ठेवलेली खुली जागा), वेबसाइट, पॅकेज (लोक उतरवून घेतात ती तयार प्रत) सगळीकडून काढा. अहो, ते नाव माझ्या आजीच्या घरातल्या वस्तूचं आहे! मुळात ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडमध्ये, ट्रेडमार्क असूच कसा शकतो? नाव बदलावंच लागलं, तर ‘पूर्वीचं अमुक’ असं लिहिता येईल का? कधी वाटतं सगळं चव्हाट्यावर मांडावं, कधी वाटतं रेपोच उडवून टाकावा. (सोबत नोटिशीची प्रत. टूलचं नाव छापू नये.)
– एक मेंटेनर, पुणे

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी ‘शनिवारी रात्री’ आणि ‘शुक्रवारी दुपारी’ या दोन ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारली. तुमचं सगळं प्रकरण या दोन वारांच्या मध्ये आहे. त्याकडे येतोच.

नाव छापत नाही. या उत्तरापुरतं तुमच्या टूलला आपण ‘जातं’ म्हणू. दळायचं काम तेच करतं, आणि आजीच्या घरात तेही असणारच.

आधी तुमच्या रागाचा प्रश्न. एमआयटी लायसन्सचा मजकूर उघडा, एका पानात संपतो. वापरा, बदला, वाटा, विका, फक्त कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर सोबत राहू द्या. नावाबद्दल त्यात अवाक्षर नाही. अपाची २.० या दुसऱ्या खुल्या लायसन्समध्ये तर सहाव्या कलमात स्पष्टच लिहिलंय की ट्रेडमार्क वापरायची परवानगी या लायसन्समध्ये धरू नका. म्हणजे कोड सगळ्यांचा झाला तरी नाव सगळ्यांचं झालेलं नसतं, आणि हे बरंच आहे. उद्या कुणी तुमचा कोड घेतला, त्यात पासवर्ड चोरणाऱ्या चार ओळी घातल्या आणि ‘जातं’ म्हणूनच वाटायला सुरुवात केली, तर कोडच्या लायसन्सवर बोट ठेवून फारसं काही करता येणार नाही. त्याला अडवता येईल ते नावाच्या हक्कावर. तेव्हा ट्रेडमार्क असतो आणि असावाही. तो कुणाच्या नावावर असावा, हे तुम्ही तिघांनी २०१७ मध्ये ठरवलं नाहीत. कुणीच ठरवत नाही. त्या वेळी सगळे मित्र असतात आणि वापरणारे दहा. जात्यातले रडतात तेव्हा सुपातले हसतात म्हणतात; हे वाचून हसणाऱ्या मेंटेनरांनी आपापलं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या कार्डावर आहे ते बघून यावं. माझ्या एका प्रकल्पाचं मित्राच्या कार्डावर होतं. मित्र कॅनडाला गेला, कार्ड बंद झालं, आणि एका सकाळी आमच्या पत्त्यावर रमीच्या जाहिराती दिसू लागल्या.

आता नोटीस. तुम्ही जोडलेल्या प्रतीत ‘आमच्या अशिलाचा ट्रेडमार्क’ असं तीनदा आलंय, पण खाली आकडा दिलाय तो अर्जाचा. नोंदणीचा नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अर्ज कुणीही करू शकतो. व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गामागे (वर्ग म्हणजे मालाचा किंवा सेवेचा प्रकार) ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. वकिलाने नोटिशीत काय म्हटलं म्हणून नाव कुणाचं होत नाही.

आज संध्याकाळीच ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर तो क्रमांक घालून अर्जाची स्थिती पाहा. सॉफ्टवेअर असल्यामुळे वर्ग ९ किंवा ४२ मध्ये सापडेल. पाहताना एका रकान्यावर बोट ठेवा : नाव कधीपासून वापरात आहे. तिथे दोनच प्रकारची उत्तरं असतात. एक, ‘वापरण्याचा इरादा आहे’. तसं लिहिलं असेल, तर अर्जाच्या दिवसापर्यंत आपण हे नाव वापरलेलं नाही असं कंपनीने स्वतःच्या सहीने कबूल केलंय, आणि तुम्ही त्या आधी कित्येक वर्षं ते वापरत होता. दुसरं, एखादी तारीख. तारीख असेल तर सोबत प्रतिज्ञापत्र आणि वापराचे पुरावे द्यावे लागतात. आता त्यांनी २०१७ ची तारीख टाकली असेल, तर पुरावा म्हणून काय जोडलंय ते बघाच. बहुधा तुमचाच रेपो असेल. तुमच्या शनिवारच्या कमिटचा, म्हणजे कोडच्या पहिल्या नोंदीचा, स्क्रीनशॉट त्यांच्या प्रतिज्ञापत्राला परिशिष्ट म्हणून लावलेला दिसला, तर वकिलाला दाखवायच्या आधी मला पाठवा.

अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला असेल, तर छापल्यापासून चार महिन्यांत हरकत घेता येते. ही मुदत वाढत नाही, एका दिवसानेही नाही. हरकतीचा फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन फी वर्गामागे २,७०० रुपये. वकिलाची फी वेगळी, पण कोर्टकचेरीच्या मानाने हे स्वस्तात पडतं. अर्ज अजून छापला नसेल तर जर्नलवर नजर ठेवा, आणि दरम्यान तुमचा स्वतःचा अर्ज टाकून द्या.

आपल्याकडे नोंदणीपेक्षा आधीचा वापर वरचढ ठरतो. ट्रेडमार्क कायदा, १९९९, कलम ३४ : जो आधीपासून सलग नाव वापरतोय, त्याला नंतर नोंदणी करणारा अडवू शकत नाही. याचा गोड खटला तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचा आहे. तिथे ‘इरुट्टुकडै हलवा’ म्हणजे अंधाऱ्या दुकानातला हलवा फार प्रसिद्ध. दुसऱ्या एकाने पुढे ‘तिरुनेलवेली’ जोडून तेच नाव घेतलं आणि त्याची नोंदणीही मिळवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नोंदणीपेक्षा आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क मोठा.

समोरचा वकील यावर काय म्हणेल तेही सांगून ठेवतो. म्हणेल, हलवा विकला जातो. फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरचा कसला आलाय व्यापार? हा प्रश्न अमेरिकेत येऊन गेलाय. १९९४ मध्ये एकाने ‘कूलमेल’ नावाचा ईमेलचा छोटा प्रोग्रॅम जीपीएल या खुल्या लायसन्सखाली फुकट वाटला होता. नंतर नावावरून भांडण झालं, तेव्हा तिथल्या अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००१ मध्ये ठरवलं की असं फुकट वाटणंही नावावर हक्क मिळवायला पुरेसं आहे. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण तुमच्या वकिलाला माहीत असू द्या.

पुरावे गोळा करताना एकट्या गिटच्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या, इतिहासावर विसंबू नका. कमिटची तारीख हवी ती टाकता येते, तुम्हालाही माहिती आहे आणि समोरच्या वकिलाला कुणीतरी सांगणारच आहे. तिसऱ्याच्या ताब्यातल्या नोंदी शोधा : पॅकेज रजिस्ट्रीवर पहिलं व्हर्जन चढवल्याची तारीख, वेब आर्काइव्हमधली जुनी पानं, परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं तुमचं भाषण, परक्या माणसाने पहिल्यांदा नोंदवलेली चूक. प्रकरण कोर्टात गेलंच, तर इलेक्ट्रॉनिक नोंदींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, लिहायची जागा आहे, आणि ती एसएचए-२५६ या पद्धतीने काढलीय की आणखी कुठल्या, यावर खूणही करायची आहे. कायद्याच्या कागदावर एसएचए-२५६ छापलेलं पाहून मला उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

इथवर सगळं तुमच्या बाजूचं. आता शुक्रवार दुपार.

नाव कुणाचं, हे ठरताना ‘सुचलं कुणाला’ असं कुणी विचारत नाही. आजीचं जातं खरं असलं तरी कोर्टात त्याला वजन नाही. विचारतात ते असं : लोक ते नाव ऐकून कुणाकडे बघत होते? तुमच्याकडे, की कंपनीकडे? म्हणून मला चार गोष्टी हव्यात, आणि खऱ्या हव्यात. रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या ओळखपानात, कंपनीचा लोगो कधी होता का? कंपनीने भरतीच्या जाहिरातीत ‘जातं बनवणारे आम्ही’ असं लिहिलं होतं का, आणि लिहिलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात का? २०१७ ते २०२३ मधले रिलीज तुमच्या वैयक्तिक ईमेलवरून निघाले की ऑफिसच्या? आणि नेमणूकपत्रात ‘नोकरीच्या काळात केलेलं सारं काम कंपनीचं’ हे कलम कोणत्या शब्दांत आहे? शेवटचं फार जपून वाचा. कॉपीराइट कायद्यात नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनीच असते, वेगळा करार नसेल तर. शनिवारचा कोड त्यात येत नाही असं तुम्ही म्हणाल, शुक्रवारचा येतो असं ते म्हणतील. कोड एमआयटीखाली बाहेर पडल्यामुळे तो कुणी परत आत ओढू शकत नाही. पण नावाच्या बाबतीत याच शुक्रवारांवरून ते म्हणणार की जातं आमच्या छताखाली मोठं झालं.

तुमच्याच जागी उभी राहिलेली दोन माणसं सांगतो.

जेराल्ड कोम्ब्ज यांनी नेटवर्कवरून जाणारी माहितीची पाकिटं उघडून दाखवणारं टूल १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं, ‘इथिरिअल’ या नावाने. जगभरचे नेटवर्कवाले ते वापरू लागले. २००६ मध्ये त्यांनी नोकरी बदलली. कोड जीपीएलखाली होता आणि बराचसा त्यांनीच लिहिलेला, त्यामुळे तो सोबत नेण्यात अडचण नव्हती. पण नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला आणि तडजोड जमली नाही. कोम्ब्ज भांडत बसले नाहीत. तोच कोड घेऊन नवं नाव लावलं : वायरशार्क. तुमच्या लॅपटॉपवर आहेच. इथिरिअल हे नाव मात्र आज तिशीच्या आतल्या एखाद्या नेटवर्कवाल्याला विचारून बघा.

दुसरे कोहसुके कावागुची. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना त्यांनी ‘हडसन’ लिहिलं, आपण केलेला बदल बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होणं, मोडत नाही ना हे सतत तपासणारं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, आणि त्याच वर्षी कावागुची बाहेर पडले. पुढे कोड कुठे ठेवायचा यावरून खटके उडाले, तेव्हा ओरॅकलने सांगितलं की नाव आमचं आहे. जानेवारी २०११ मध्ये प्रकल्पातल्या लोकांनी मतदान घेतलं : नाव बदलून ‘जेन्किन्स’ करायचं की नाही? बदलाच्या बाजूने २१४, विरोधात १४. ओरॅकलने हडसन काही महिन्यांत एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकलं, आणि पुढे ते बंद पडलं. जेन्किन्सचं काय झालं ते मी सांगायला नको, तुमच्या आत्ताच्या कंपनीतही कुठल्यातरी कोपऱ्यातल्या सर्व्हरवर त्याच्या चिन्हातला तो म्हातारा बटलर उभा असेल.

तुम्हाला हार मानायला सांगत नाहीये. उलटं उदाहरणही आहे. १९९४ मध्ये बॉस्टनच्या बाजूच्या एका गृहस्थाने ‘लिनक्स’ या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावाचाच अमेरिकेत अर्ज केला, नोंदणी मिळवली आणि लिनक्सवर धंदा करणाऱ्यांकडे कमाईच्या दहा टक्क्यांची मागणी सुरू केली. लोकांनी वकील लावून आव्हान दिलं, आणि १९९७ मध्ये तडजोडीत ते नाव लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे आलं. त्या गृहस्थाचा लिनक्सशी काडीचा संबंध नव्हता, म्हणून ते जमलं. तुमच्या कंपनीचा संबंध आहे. निदान शुक्रवारपुरता.

म्हणून माझं मत असं : स्वस्तात लढता येईल तिथवर लढा. नोटिशीला पंधरा दिवसांच्या आत वकिलाकडून लेखी उत्तर, हरकत, स्वतःचा अर्ज, एवढं नक्की करा. त्याच्या पुढे, म्हणजे कोर्टात दावा चालवण्यापर्यंत, नावासाठी जाऊ नका. तुम्ही गेलात की पन्नासातले चाळीस जण कंटाळून दुसरीकडे कोड पाठवू लागतील, आणि मग जिंकलेल्या नावाखाली दळायला कुणी नसेल. त्यापेक्षा आज रात्री रेपोचे ॲडमिन कोण, पॅकेज चढवायचे हक्क कुणाकडे, डोमेन कुणाच्या खात्यावर हे तपासा. उरलेल्या दोघा मित्रांपैकी एखादा अजून त्या कंपनीत असेल आणि त्याच्याकडे ॲडमिनचे हक्क असतील, तर त्याला धर्मसंकटात टाकू नका. त्याच्याशी बोला आणि त्याच्या संमतीने बाहेरच्या आणखी दोघांना हक्क द्या.

चव्हाट्यावर मांडायचं का? २०१४ मध्ये ग्रुपॉन या सवलतीची कूपनं विकणाऱ्या कंपनीने ‘नोम’ नावाचा टॅबलेट काढला आणि त्या नावाचे अर्जही केले. लिनक्ससाठी ‘नोम’ हा खुला डेस्कटॉप बनवणाऱ्यांकडे नावाची नोंदणी आधीपासून होती. त्यांनी लोकांना हाक दिली, हरकतीसाठी पैसे मागितले, आणि ग्रुपॉनने त्याच दिवशी माघार जाहीर केली. तुमचं प्रकरण इतकं स्वच्छ नाही. तुम्ही पोस्ट टाकलीत की खाली जुन्या ऑफिसातला कुणीतरी येऊन शुक्रवारचा हिशेब मांडणार. प्रकल्पातल्या लोकांना मात्र सांगा, आणि लगेच सांगा : नोटीस आली आहे, उत्तर देतोय, कोड सुरक्षित आहे. एवढंच. कंपनीच्या नावाने बोटं मोडू नका.

रेपो उडवायचा विचार मात्र डोक्यातून काढाच. मार्च २०१६ मध्ये ‘किक’ नावावरून असंच झालं. किक मेसेंजर कंपनीला एका प्रोग्रॅमरच्या पॅकेजचं ते नाव हवं होतं, पॅकेजं वाटणाऱ्या एनपीएमने ते तिला दिलं, आणि त्या रागावलेल्या प्रोग्रॅमरने आपली सगळी पॅकेजं काढून घेतली, अडीचशेच्या वर. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ होतं, अकरा ओळींचं. त्याच्याशिवाय जगभरची बिल्ड धडाधड कोसळली. राग कंपनीवर होता, रात्र वाया गेली ती त्या भांडणाचं नावही न ऐकलेल्यांची.

‘पूर्वीचं जातं’ असं लिहिता येईल का? खरं असेल ते प्रामाणिकपणे सांगायला कायदा अडवत नाही. रीडमीच्या पहिल्या परिच्छेदात साध्या अक्षरांत ‘हा प्रकल्प २०१७ पासून जातं या नावाने चालत होता, त्या नावाने आता चालणाऱ्या कशाशीही आमचा संबंध नाही’ असं लिहा. लोगोत नको, शीर्षकात नको, पॅकेजच्या नावात तर नकोच. काहींना एवढंही धाडस होत नाही. सेंटओएसवाल्यांना २००५ मध्ये रेड हॅटच्या वकिलांचं पत्र आलं. सेंटओएस म्हणजे तेव्हा रेड हॅटचाच कोड, नाव-चिन्हं काढून बांधलेला. पत्रानंतर त्यांनी साइटवरून रेड हॅट हे नाव पुसलं आणि ‘उत्तर अमेरिकेतली एक प्रख्यात एंटरप्राइज लिनक्स कंपनी’ असं लिहू लागले. नवऱ्याचं नाव न घेता ‘आमचे हे’ म्हणावं, अगदी तसं. इतकं लाजायची तुम्हाला गरज नाही.

नवं नाव घ्यायची वेळ आलीच, तर ते या वेळी कुणाकडे राहणार हे आधी कागदावर उतरवा. डेबियन या लिनक्सच्या एका अवताराचं नाव ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ या ना-नफा संस्थेकडे आहे, तसं एखाद्या संस्थेकडे देता येतं. तुमच्या आकाराच्या प्रकल्पाला सध्या तिघांच्या सहीचा दोन पानी करारही चालेल : नाव अमक्याच्या नावावर, पण प्रकल्पासाठी; तो बाहेर पडला तर नाव पुढच्या मेंटेनरकडे. आणि शब्द निवडताना सॉफ्टवेअरचं काम जसंच्या तसं सांगणारा नको. ‘लॉगशोधक’ म्हणालात तर रजिस्ट्री ते वर्णन म्हणून परत करेल. ‘जातं’ हे पिठाच्या पाकिटावर कमजोर, सॉफ्टवेअरवर चांगलं. जुम्ला नावाची वेबसाइट बांधायची प्रणाली माहीत असेल. तीही २००५ मध्ये अशाच भांडणातून ‘माम्बो’ सोडून निघाली. नाव स्वाहिलीतून घेतलं, अर्थ ‘सगळे मिळून’. मूळ शब्द अरबी, आणि आपल्या जुन्या जमाखर्चात एकूण बेरजेला जो ‘जुमला’ म्हणायचे, तो याचाच भाऊ.

तुमच्या आजीच्या घरात आणखीही वस्तू असतील. उखळ चालेल, मुसळ चालेल, सूप तर फारच छान. पाटा-वरवंटा नको, टर्मिनलमध्ये दिवसातून चाळीसदा टाइप करायचंय.